कारखाना बडोद्यात आला, डोकं कुठे राहिलं?

दांडियाबाजारकर:
ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्‌घाटन झालं, स्पेनचे पंतप्रधान येऊन गेले. ५६ पैकी १६ विमानं स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार यायची, ४० इथे बनायची, असं ठरलेलं. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर एकच धून, तंत्रज्ञान आता पूर्वेकडे सरकलं म्हणे! अहो, सरकलं ते काम. विमानाचा आराखडा स्पेनचाच आहे. आपला देश संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया पाचच्या आसपास. नुसत्या जोडणीला शोध म्हणायचं का?

मकरपुरा_टूलरूम:
काका, १९८७ साली तैवानलाही तुम्ही हेच ऐकवलं असतंत. मॉरिस चँग यांनी अमेरिकेत पंचवीस वर्षं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काढली आणि मग टीएसएमसी ही कंपनी तैवानमध्ये उभी केली, ती दुसऱ्यांच्या चिप बनवून द्यायला. आज अ‍ॅपल, एनव्हिडिया आराखडे घेऊन त्यांच्या दारात उभे आहेत. हाताला जे कळतं ते कागदावर नसतं.
माझंच सांगतो. परदेशी गिऱ्हाइकाचा जॉब होता. ड्रॉइंगमध्ये आतला कोपरा इतका धारदार की हार्डनिंग झालं, म्हणजे पोलाद तापवून कडक केलं, की तिथूनच तडा. तीन नग भंगारात गेले. कोपऱ्याला अर्ध्या मिलिमीटरचा रेडियस, म्हणजे गोलाई द्या, असा मेल टाकला. दोन महिन्यांनी नवं ड्रॉइंग आलं, रिव्हिजन सी, म्हणजे सुधारित आवृत्ती. रेडियस दिलेला!

दांडियाबाजारकर:
आणि ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये, त्या नावाच्या चौकटीत, नाव कोणाचं?

मकरपुरा_टूलरूम:
त्यांचंच.

दांडियाबाजारकर:
झालं तर! अक्कल तुझी, हक्क त्यांचा, दर तोच.

मांडवीची_सून:
तैवानचं अर्धंच सांगितलंत, दादा. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने १९७६ मध्येच आपले इंजिनिअर अमेरिकेत आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडे चिप बनवायला शिकायला धाडले होते. टीएसएमसी त्यानंतर अकरा वर्षांनी. आणि आजही चिपवर सगळ्यात बारीक नक्षी छापायचं तिचं यंत्र नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीकडूनच येतं. काका, आपल्याकडे सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते कारागिरी आणि शास्त्र एका छपराखाली शिकवायला. आज तसा पैसा कोण ओततंय? कारखान्याच्या फिती कापायला मात्र रांग.

मकरपुरा_टूलरूम:
ताई, तुमचं पटतं. काका, दर तोच हेही खरं. पण त्याच गिऱ्हाइकाने पुढचं ड्रॉइंग पक्कं करायच्या आधीच मला पाठवलंय, "एकदा बघून घ्या" म्हणून. फुकटात. या बघण्याचं बिल कसं लावायचं, कोणी सांगेल का?