ओशिवऱ्यातल्या ‘चंदीगड’ खुर्च्या: खऱ्या कशा ओळखायच्या, आणि जोड, पॉलिश, वेत यांचा क्रम काय?

गिरगाव_चौपाटी

जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात सागवानी हातांच्या चार खुर्च्या पाहिल्या आहेत. पाय कंपाससारखे, वर हाताखाली जुळलेले आणि खाली फाकलेले. बैठक आणि पाठ वेताची. दोन खुर्च्यांच्या मागच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत. विक्रेता ‘चंदीगडच्या, पियेर जान्नेरेच्या’ (चंदीगड उभारणाऱ्या वास्तुकारांपैकी एक) म्हणतो आणि त्या नावाचे पैसे मागतो.

दोन खुर्च्या डुगडुगतात. एकीच्या बैठकीचा वेत फाटलाय, बाकी तिघींचा नुसता सैल होऊन खाली आलाय. सोबत पितळी उभा दिवाही आहे, त्याची वायर कापडी आवरणाची आहे.

१) खऱ्या-खोट्याची तपासणी जागेवर कशी करायची? २) घेतल्या तर आधी काय करायचं: जोड, पॉलिश की वेत? ३) दिव्याची वायर बदलताना काय सांभाळायचं?

सागवान_गाभा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी पार्श्वभूमी, कारण तपासणी तिच्यावरच अवलंबून आहे. जान्नेरे १९६५ पर्यंत चंदीगडला होते. सरकारी कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं यांच्यासाठीचं फर्निचर त्यांनी आणि उर्मिला युली चौधरींसारख्या सहकाऱ्यांनी आखलं, पण बनवलं वेगवेगळ्या स्थानिक कारखान्यांतल्या सुतारांनी. म्हणून अस्सल खुर्च्या एकमेकींशी मिलीमीटरला जुळत नाहीत. मेजरिंग टेप न्या. चारही खुर्च्यांच्या पट्ट्यांची जाडी, पायांची रुंदी, वेताच्या भोकांमधलं अंतर मोजा. चारही तंतोतंत सारख्या निघाल्या तर त्या एका साच्यावर, बहुधा अलीकडेच बनल्या आहेत.

पांढऱ्या अक्षरांवर भुलू नका. संस्थेचं लघुरूप आणि नग क्रमांक अस्सल नगांवर असतात हे खरं, पण रंगाचा डबा आणि ब्रश कुणाकडेही असतो. भिंग घेऊन बघा. जुना रंग लाकडाबरोबर झिजतो: ओरखडा अक्षरातून आरपार जातो, कडा तुटक असतात. ओरखड्याच्या खाचेत पांढरा रंग उतरलेला दिसला तर ओरखडा आधीचा आणि अक्षर नंतरचं.

मग खुर्ची उलटी करा. विक्रेत्यांचं लक्ष वरच्या बाजूवर असतं, खालची बाजू बहुतेक वेळा खरं सांगते.

पायांच्या तळाशी वर्षानुवर्षं पुसलेल्या फरशीच्या पाण्याने काळवंडलेला पट्टा असतो. तो चारही पायांना असतो आणि वर जाताना विरळ होतो. डाग देऊन केलेला काळेपणा एका रेषेत संपतो. वेताच्या भोकांच्या कडा गुळगुळीत हव्यात, कारण जुन्या खुर्चीचा वेत अनेकदा बदललेला असतो. भोकाच्या आत टॉर्च मारा. लाकूड आत पिवळसर-ताजं आणि बाहेर गडद चॉकलेटी असेल तर रंग वरून चढवलाय. स्क्रू फुलीच्या खाचेचे असतील तर निदान ते स्क्रू तरी नंतरचे आहेत. अस्सल कामात सरळ एकरेषी खाच अपेक्षित आहे. खालून बोट फिरवल्यावर हातरंध्याच्या किंचित लाटा जाणवायला हव्यात.

लाकूड सागच आहे का, हेही पाहून घ्या. लपलेल्या जागी नखाएवढा भाग काचकागदाने घासा. साग असेल तर तेलकट लागतो आणि चामड्यासारखा उग्र वास येतो. काही अस्सल नग शिसमातही आहेत, त्यामुळे शिसम दिसला म्हणून लगेच बाद करू नका.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळे या खुर्च्या त्यात बसत नाहीत. पण २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या वारसा-वस्तूंची विक्री आणि निर्यात रोखण्याचे आदेश काढले. विक्रेता खरोखर ‘चंदीगडची’ म्हणत असेल तर लिलावाचा कागद मागा. जुन्या लिलावात भंगार म्हणून गेलेल्या मालाला पावती असायला हवी. कागद नसेल तर नावाचा एक रुपयाही देऊ नका, चांगल्या सागवानी खुर्चीचे पैसे द्या. नवी बनवून नवी म्हणूनच विकणारेही आहेत, बेंगळुरूची फँटम हँड्स हे त्याचं उदाहरण. नव्याला जुनं म्हणून विकणं मात्र फसवणूक आहे.

रंधा_पटाशी

क्रम ठरलेला आहे: जोड, मग पॉलिश, शेवटी वेत. उलट केलंत तर नव्या वेताची चौकट जोड उघडताना वाकते आणि वेत भोकाशी तुटतो. वेतावर पॉलिश सांडलं तर ते पडतं तिथे वेत कडक होतो आणि वाकताना तडकतो.

डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या फटीत फेविकॉल पिळू नका. बाजारातल्या बहुतेक ‘दुरुस्त’ खुर्च्या अशाच बिघडलेल्या असतात. जुन्या डिंकावर नवा चिकटत नाही, वर फट बंद दिसते आणि दोन महिन्यांत पुन्हा हलते. जोड उघडावाच लागतो.

आधी चुंबक फिरवून लपलेले खिळे शोधा. कुणीतरी मधे ठोकलेला खिळा राहिला आणि तुम्ही जोड ओढलात तर कुसू (भोकात बसणारं लाकडाचं टोक) फाटतो. प्रत्येक भागावर मास्किंग टेप लावून डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहा, दिसायला सारखे भाग एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्या काळचा डिंक बहुधा सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा डिंक) असतो. गरम व्हिनेगर इंजेक्शनच्या सुईने फटीत सोडा, वर ओलं फडकं ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग लाकडी हातोडीने, मधे लाकडाचा तुकडा धरून हलके ठोके द्या. सुटला नाही तर पुन्हा व्हिनेगर. जोर वाढवू नका.

सुटल्यावर कुसू आणि भोक दोन्हींतला जुना डिंक पटाशीने खरवडून कोरं लाकूड दिसेपर्यंत काढा. काचकागद नको, त्याने कुसू गोलसर होतो आणि बारीकही. कुसू सैल असेल तर त्याच्या दोन्ही सपाट बाजूंवर सागाच्याच अर्ध्या मिलीमीटरच्या पट्ट्या चिकटवा आणि डिंक न लावता बसवून बघा. हाताच्या दाबाने आत जावा, पण उलटा धरल्यावर गळून पडू नये.

सागाची खरी अडचण त्याच्या अंगच्या तेलाची. डिंक लावण्याआधी दोन्ही बाजू अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि पाव तासाच्या आत जोडा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. खुर्ची जुनी आणि मौल्यवान वाटत असेल तर सरसच वापरा, पुढच्या सुताराला तो पुन्हा उघडता येईल. अराल्डाइट (एपॉक्सी) फट भरतं, पण नंतर उघडायचं तर लाकूडच फोडावं लागतं.

कंपास पायांच्या खुर्चीत बसणाऱ्याचं वजन पाय फाकवायला बघतं, त्यामुळे वरच्या जुळणीशी लाकडाच्या रेघेबरोबर चीर गेली आहे का ते नक्की पाहा. चीर असेल तर आधी ती भरून दाबा, दुसऱ्या दिवशी जोड बसवा. शेवटची जुळणी कडप्प्यासारख्या सपाट दगडावर करा. शिकंजे लावल्यावर बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डिंक ओला असतानाच शिकंजा तिरका सरकवून सरळ करा. चोवीस तास हात लावू नका.

वेतकाम

चारही खुर्च्यांना नवा वेत लागणार नाही. जो फक्त सैल झालाय तो परत ताणता येतो. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्यात भिजवलेला स्पंज फिरवा आणि ओलं फडकं अर्धा तास ठेवा. वरच्या चकचकीत सालीतून पाणी शिरत नाही, म्हणून खालूनच. सावलीत रात्रभर वाळू द्या, आकसून ताठ होतो. एखादी पट्टी तुटलेली असेल तर मात्र हा उपाय टिकत नाही, भार शेजारच्या पट्ट्यांवर जातो आणि त्या ओळीने तुटतात.

फाटलेल्या बैठकीचा वेत कापताना दहा सेंटिमीटरचा एक चांगला तुकडा जपून ठेवा आणि पट्टीची रुंदी मोजा. तुकडा नसेल तर भोकांच्या केंद्रांमधल्या अंतरावरून ठरवा: साधारण १० मिमी अंतराला २ मिमी वेत, १३ ला सव्वादोन, १६ ला अडीच, १९ ला ३. अंतराच्या मानाने जाड वेत घेतला तर तिरक्या फेऱ्यांना जागाच उरत नाही. हजार फुटांच्या जुडीत मध्यम आकाराच्या तीन-चार बैठका होतात.

वेत कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटंच भिजवा. रात्रभर ठेवला तर काळपट पडतो. सुरुवात मागच्या पट्टीच्या मधल्या भोकापासून, चकचकीत बाजू कायम वर, टोकं बांबूच्या खुंट्यांनी अडकवून. पहिली फेरी उभी, दुसरी आडवी तिच्यावरून, तिसरी पुन्हा उभी, पहिलीच्या किंचित उजवीकडे. या तिन्ही सैलसरच ठेवा. सगळं बिघडतं ते इथे: पहिल्या फेऱ्या तारेसारख्या ताणल्या की चौथी, जी खरी विणायची असते, ती आत जात नाही आणि वेत सोलवटतो. चौथी आडवी, तिसरीच्या वरून आणि पहिलीच्या खालून. मग पाचवी आणि सहावी तिरकी, एकमेकींच्या उलट नियमाने. तिरकी पट्टी योग्य बाजूने गेली असेल तर विणीतल्या चौकोनांच्या कोपऱ्यात सरकून बसते. अडखळत असेल, घासत असेल तर वर-खालीचा क्रम उलटा झालाय. तिथेच थांबून उसवा. शेवटी भोकांवरून रुंद पट्टीची किनार.

दोन दिवस वाळल्याशिवाय बसू नका. कारागिराकडून करून घेणार असाल तर दर आधी ठरवा आणि प्लास्टिकचा वेत नको हे स्पष्ट सांगा. तो आकसत नाही, एकदा सैल झाला की झाला. आणि तयार विणलेल्या जाळीसाठी भोकांच्या चौकटीत खाच पाडू देऊ नका. ते नुकसान परत भरता येत नाही.

वेताखाली पिठासारखी बारीक पूड पडत असेल तर भुंगेरा आहे. त्या खुर्चीला बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि वेत जाळून टाका.

गिरगाव_चौपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. टेप आणि टॉर्च घेऊन परत जाते. पॉलिशबद्दल कुणी लिहिलं नाही. आत्ता जुलै आहे, पॉलिशवाला ‘घासून चकाचक करतो’ म्हणतोय.

रंधा_पटाशी

ताई, घासू देऊ नका. घासलं की साठ वर्षांचा रंग आणि ती अक्षरं दोन्ही जातात, आणि ती परत आणता येत नाहीत.

आधी चाचणी: लपलेल्या जागी कापसावर स्पिरिट लावून अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर अलीकडचं मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, आणि हा खऱ्या-खोट्याच्या तपासणीतलाही एक धागा.

लाख असेल तर टर्पेंटाइनने जुनं मेण आणि मळ काढा, मग एक लिटर स्पिरिटमध्ये शंभर ग्रॅम चपडा लाख विरघळवून, गाळून, कापसाच्या गोळ्याने दोन-तीन पातळ हात द्या. जुना थर थोडा विरघळून नव्यात मिसळतो, घासावं लागत नाही. अक्षरांच्या जागी हात फिरवू नका.

पण हे ऑक्टोबरनंतर. जुलैच्या मुंबईत स्पिरिट उडताना हवेतलं पाणी थरात अडकतं आणि पॉलिश दुधाळ पडतं. तोवर जोडांचं काम उरका. जवसाच्या तेलाचा सल्ला कुणी दिला तर एवढं लक्षात ठेवा: तेलाची फडकी चुरगळून टाकली तर आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा.

फेज_न्यूट्रल

दिव्याचं. विकत घेण्याआधी चुंबक लावा. चिकटलं तर पितळ नाही, लोखंडावर मुलामा आहे.

कापडी वायरच्या आतलं रबर कडक होऊन वाकवलं की गळतं, म्हणून दुकानात प्लगमध्ये लावून ‘चालतो’ हे बघूच नका. पूर्ण वायर बदला: तीन कोअर, ०.७५ चौरस मिमी. धातूचा दिवा आहे, अर्थिंग हवंच. अर्थची तार गोल लगमध्ये (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीत) दाबून, दातेरी वायसरसह, रंग खरवडलेल्या जागी बुडाला घट्ट करा. वायर बुडातून शिरते तिथे रबरी ग्रॉमेट घाला, नाहीतर धातूची कड इन्सुलेशन कापते. आणि आत ओढ अडवणारी पकड हवी, जोडणीवर ताण येता कामा नये.

होल्डर आट्याचा असेल तर फेज मधल्या तळाच्या पट्टीला आणि न्यूट्रल आट्यांना. उलट जोडलं तर बल्ब बदलताना बोट थेट फेजवर जातं. पिनांच्या होल्डरला ही अडचण नाही, पण स्विच दोन्हींत फेजवरच. दिवा अमेरिकन असेल तर होल्डर आणि स्विच २५० व्होल्टचे आहेत का ते त्यांच्यावरच्या छापात वाचा, नसतील तर बदला.

प्लगमध्ये लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा: प्लगची अर्थ पिन ते दिव्याच्या वरच्या टोकापर्यंत एक ओहमपेक्षा कमी हवं, आणि फेज ते बुड जोडणी अजिबात नको. उभ्या दिव्याचे नळीचे तुकडे आट्यांनी जोडलेले असतात. जुना मळ साचून मधे संपर्क तुटतो आणि वरचा अर्धा भाग अर्थिंगविना राहतो. मोजणी म्हणून बुडाशी नाही, होल्डरच्या कपाशी करा.