‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’चा नेमका अर्थ काय?

प्रश्न :
मी सांगलीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. एका उताऱ्यातील या वाक्प्रचाराचा अर्थ बहुतेकांनी ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असा लिहिला आहे. मुलांकडच्या कोशात ‘व्यर्थ खटाटोप’ एवढेच दिले असल्यामुळे त्यांना चूक तरी कसे म्हणावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
फरक मोठा आहे आणि तो मुलांना सांगायलाच हवा. न्यूकॅसल हे ईशान्य इंग्लंडमधील टाइन नदीवरचे बंदर असून भोवतालच्या खाणींतला कोळसा तेथून शतकानुशतके जहाजांनी लंडनला जात असे. अशा गावी बाहेरून कोळसा नेला, तर तो घेणार कोण? घडा पालथा असतो तेव्हा दोष घेणाऱ्याकडे असतो, कितीही सांगितले तरी त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. न्यूकॅसलला घेणाऱ्यात काहीच उणे नाही, उलट त्याचे कोठार आधीच भरलेले आहे. त्यामुळे एखादी वस्तू, माहिती किंवा कौशल्य ज्याच्याकडे मुबलक आहे, त्यालाच ते देऊ करणे, एवढ्याच अर्थाने हा वाक्प्रचार वापरावा. निकाल लागल्यावर अभ्यासाला बसणे हेही व्यर्थच, पण तेथे तो बसत नाही.

उत्तर २ :
वर्गात समजावताना ‘सांगलीला हळद नेणे’ असे म्हणून पाहा. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत असत, मार्केट यार्डात तिचे सौदे आजही निघतात आणि 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. मात्र हा मराठीतला रूढ वाक्प्रचार नव्हे, हेही सोबत सांगावे.

उत्तर ३ :
वापराविषयी थोडी भर घालतो. यात ‘कोल्स’ हे अनेकवचनच रूढ आहे आणि क्रियापद बहुधा ‘कॅरीइंग’ किंवा ‘टेकिंग’ या रूपात येते. उदाहरणार्थ, बेदाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तासगावबद्दल म्हणता येईल, ‘सेंडिंग रेझिन्स टू तासगाव इज लाइक कॅरीइंग कोल्स टू न्यूकॅसल.’ कोणी प्रेमाने आणलेल्या भेटीबद्दल मात्र त्याच्या तोंडावर असे म्हणू नये, कारण त्यात ‘तुमची वस्तू आम्हाला नको’ असा सूर उमटतो.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. ‘पालथा घडा’ लिहिणाऱ्यांना निम्मे गुण द्यावेत का?

उत्तर १ :
माझ्या मते देऊ नयेत. ‘व्यर्थ खटाटोप’ लिहिणाऱ्यांना जरूर द्यावेत. त्यांचे उत्तर अपुरे आहे, चुकीचे नाही.