पांढरा ओटा आणि पांढरी शटरं: दोन पांढरे जुळवायचे कसे?

ओटाभरण

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर उपसून काढलंय. काळा ग्रॅनाइट गेला, खालचे कडप्प्याचे कप्पे गेले, झुरळांचं वंशपरंपरागत घरही गेलं. खोली दहा बाय आठ. एकच खिडकी, पश्चिमेला. तिच्यापुढे ड्राय बाल्कनी, आणि पलीकडे हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची विटकरी भिंत. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय पोह्यातला खडा दिसत नाही. म्हणून ठरवलं, सगळं पांढरं करायचं.

आणि इथेच अडकले. शटरांसाठी, म्हणजे कपाटांच्या दारांसाठी, लॅमिनेटच्या फोल्डरमध्ये पांढरेच इतके की बघून गरगरलं. त्यातला फ्रॉस्टी व्हाइट पसंत केला. ओट्यासाठी क्वार्ट्झचा एक साधा पांढरा तुकडा आणला. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा जुळी भावंडं वाटत होती. घरी आणल्यावर लॅमिनेट निळसर आणि क्वार्ट्झ पिवळट. रात्री बल्ब लावला की फरक निम्मा होतो, सकाळी पुन्हा तेच. सुतारदादा म्हणतात, "मॅडम, पांढरा तो पांढरा." सासूबाई म्हणतात, "हळद सांडली की सगळे पांढरे सारखेच."

ओट्याचा दगड पुढच्या आठवड्यात नक्की करायचाय. दोन्हीकडे एकच पांढरा धरू की वेगवेगळे? क्वार्ट्झ घ्यावा की नॅनो व्हाइट (तो काचेसारखा कृत्रिम दगड)? आणि विटकरी भिंतीचं काय करू, ती तर माझी नाही!

वरवंटा

काळा ग्रॅनाइट परत बसवा. डाग दिसत नाहीत, पाहुणे बोलत नाहीत. (गंमत नाही, आमच्याकडे पंचवीस वर्षं झाली, अजून तसाच आहे.)

शेडकार्ड

ओटाभरण ताई, तुमच्या सुतारदादांना माझा नमस्कार सांगा. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगला गेली. लाल, हिरवा, निळा यांच्या बॅचेस झटपट पास व्हायच्या. पांढरी बॅच आली की आमची प्रयोगशाळा गप्प व्हायची.

कारण असं. लाल रंगात थोडं इकडेतिकडे झालं तर डोळा चालवून घेतो. पांढऱ्यात नाही. दोन पांढरे शेजारी आले की डोळा त्यातल्या जास्त उजळ किंवा निळसर असलेल्याला 'खरा पांढरा' ठरवतो आणि दुसऱ्याला मळका म्हणतो. तुमचा क्वार्ट्झ एकटा ठेवा, कुणी त्याला पिवळट म्हणणार नाही. लॅमिनेट एकटं ठेवा, निळसर कुणाला दिसणार नाही. भांडण जोडीचं आहे.

आता दुकानात जुळले आणि घरी का बिघडले? आमच्याकडे एक लाइट बॉक्स असायचा, आतून करडा, वर तीन प्रकारचे दिवे. एक दिवसाच्या उजेडाचा, ६५०० केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). दुसरा दुकानातल्या ट्यूबचा, ४००० चा. तिसरा जुन्या पिवळ्या बल्बचा, २८५६ चा. तिन्हींखाली जुळला तरच माल पास. एकाखाली जुळून दुसऱ्याखाली फुटला तर त्याला आम्ही मेटामेरिझम म्हणायचो आणि बॅच परत मिक्सरकडे जायची. तुमच्या बाबतीत हे होणारच होतं. लॅमिनेट म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड भरलेला कागद आणि त्यावर मेलामाइन रेझिन. क्वार्ट्झ म्हणजे वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा, बाकी पॉलिएस्टर रेझिन आणि रंगद्रव्य. दोन्हींची पाककृतीच वेगळी, मग प्रत्येक दिव्याखाली ते एकसारखे वागतील कसे?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ओटा आणि शटर जुळवायच्या भानगडीत पडू नका. एक तर फरक अजिबात दिसता कामा नये, नाहीतर लांबूनही कळेल इतका असावा. मधलं जे आहे ते वाईट. शुभ्र लेंग्यावर चारदा धुतलेला सदरा घातला तर माणूस गबाळा दिसतो, त्यापेक्षा सरळ राखाडी सदरा बरा. यंत्रावर डेल्टा-ई या मापात मोजला तर रंगातला फरक साधारण १ असताना सामान्य डोळ्याला जेमतेम कळतो. दोन वेगळ्या वस्तूंमध्ये तो १ सगळ्या दिव्यांखाली गाठणं कारखान्यालाही जड जातं, तिथे आपण कोण. तेव्हा ओटा घ्या कणीचा किंवा राखाडी शिरांचा, आणि शटर घ्या साधं पांढरं. शिरा असल्या की डोळा शिरांकडे जातो, पार्श्वभूमीचा हिशोब करत बसत नाही.

कोणतं पांढरं? तुमच्या विटकरी भिंतीचा इथे संबंध येतो. भर दिवसाचा उजेड त्या भिंतीवर आपटून तांबूस होऊन तुमच्या खोलीत येणार. अशा उजेडात क्रीम किंवा आयव्हरी घेतलंत तर ते जर्दाळूकडे झुकेल. उलट फार निळसर पांढरं घेतलंत तर सकाळी, जेव्हा तिथे फक्त आकाशाचा उजेड असतो, ते करडं आणि थंड दिसेल. पावसाळ्यात तर दिवसभर. पीयू (पॉलियुरेथेन) रंग करणाऱ्यांकडे आरएएलचं, म्हणजे प्रत्येक रंगाला ठरलेला नंबर देणारं कार्ड असतं, ते मागून बघा: ९०१० किंचित पिवळसर, ९०१६ त्याहून थंड आणि लख्ख, ९००१ म्हणजे चक्क क्रीम. तुमच्या खोलीत मी ९०१६ च्या जवळपास राहीन, त्याहून निळं नाही. लॅमिनेट घेणार असाल तरी हे कार्ड शेजारी धरून बघता येईल.

बघायचं कसं, तेही सांगतो, कारण इथेच लोक घसरतात. दोन इंचाची चिप नको, फूटभर तुकडा मागा. शटरचा तुकडा उभा धरा आणि ओट्याचा आडवा ठेवा, कारण ते तसेच बसणार आहेत. आडव्यावर वरून उजेड पडतो, उभ्यावर तिरका. एकच शीट उभी आणि आडवी धरून बघा, दोन शेड वाटतील. आणि तुलनेला प्रिंटरचा ए-फोर कागद अजिबात धरू नका. त्यात उजळपणासाठी निळसर चमक देणारं रसायन असतं, त्याच्यापुढे हिमालयही पिवळा दिसेल.

दिवे आधी ठरवा, शेड नंतर. ४००० केल्विनचे एलईडी घ्या, खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा वर लिहिलेलं बघून. छताला एक आणि वरच्या कपाटांखाली दुसराच, असं करू नका. कपाटांखाली पट्टी मात्र लावाच. वरच्या कपाटाची सावली ओट्यावर पडते आणि सावलीत कुठलाही पांढरा राखाडीच. चकचकीत शटर टाळा, त्यात तुम्हाला रोज शेजारची भिंत दिसेल.

ओटाभरण

काका, डोळे उघडले! सुतारदादांनी ए-फोर कागदच धरला होता हो, आणि वर म्हणाले, "बघा, दोन्ही पिवळेच." काल बाल्कनीचं दार लावून, उभं-आडवं करून पाहिलं. ४००० चा दिवा लावल्यावर फ्रॉस्टी व्हाइट खूपच शांत झालं. राखाडी शिरांचा क्वार्ट्झ आज बघून येते. हळदीचं मात्र अजून कुणी बोललं नाही, सासूबाई वाट बघतायत.

फोडणीकर

हळदीवर मी बोलते. नाशिकला आमच्याकडे पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा आहे आणि घरात रोज तीन फोडण्या होतात.

हळद सांडली की लगेच कोरड्या कापडाने उचला, मग ओल्याने. साबणाचं पाणी ओतलंत तर डाग लाल होईल. घाबरू नका. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार, साबण अल्कधर्मी असतो म्हणून. धुतलं की उतरतो. खायचा सोडाही तेच करतो. जे राहतं त्याला ऊन हा उत्तम उपाय, हळदीचा रंग उन्हात विटतो. पण ओटा काही गच्चीवर नेता येत नाही, म्हणून रात्रभर राहू देऊ नका. लिंबू, चिंच, कोकम क्वार्ट्झला काही करत नाहीत. मकराण्याच्या मार्बलला मात्र करतात. तो चुन्याचाच दगड, आंबटाने पॉलिश जाऊन पांढुरके ओरखडे उठतात. ज्यांना मार्बलच हवा त्यांनी देवघरात लावावा.

क्वार्ट्झचा खरा शत्रू वेगळा आहे. गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवायची नाही. आतलं रेझिन तापून पिवळं पडतं आणि तो डाग मग कशानेही जात नाही. अडणी ठेवा, सगळ्यांना सवय लावा, पाहुण्या वहिनींनाही. दुसरं, थेट ऊन. तुमच्या ड्राय बाल्कनीत छोटा ओटा करणार असाल तर तिथे क्वार्ट्झ नको, ऊन लागलं तर काही वर्षांत पिवळा होईल. तिथे वरवंटा म्हणतात तसा काळा ग्रॅनाइटच बरा.

नॅनो व्हाइट माझ्या जावेकडे आहे. काचेचा प्रकार तो, डाग धरत नाही हे खरं. पण कडेला कुकर आपटला की कपचा उडतो आणि दुरुस्ती नीट होत नाही. शिवाय इतका पांढरा की त्याच्यापुढे तिचा फ्रिजसुद्धा जुना वाटतो.

पटाशी

माझं फर्निचरचं काम आहे. शेडकार्ड काकांनी रंगाचं सांगितलं, मी साईटवरचं सांगतो.

लॅमिनेट एकाच लॉटचं घ्या, एक शीट जास्त. सहा महिन्यांनी एक शटर फुगलं आणि नवी शीट आणली तर त्याच नंबरचा पांढरा पण वेगळा दिसू शकतो. एज बँड (शटरच्या कडेला लावायची पट्टी) शीटसोबतच जुळवून बघा, नाहीतर प्रत्येक शटरला बारीक चौकट दिसते. कपाटाच्या आतलं पातळ लॅमिनेट बहुतेक वेळा स्वस्तातलं, दुसऱ्याच पांढऱ्याचं येतं. शटर उघडलं की कळतं. आत सरळ फिका राखाडी लावा, विषय संपला. सिंकखाली आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय हवाच. रंग कितीही नेमका असला तरी पाणी शोषून फुगलेल्या शटरला तो वाचवत नाही.

पीयू फिनिश करणार असाल तर रंगाऱ्याला विचारा, हार्डनर (रंगात मिसळून तो कडक करणारा पदार्थ) अ‍ॅलिफॅटिक आहे का. उजेडात पिवळा न पडणारा तोच प्रकार. दुसरा वापरला तर पांढरा रंग पिवळा पडत जातो, आणि तो आवाज न करता पडतो, वर्षभराने फोन येतो. मेम्ब्रेन शटर (वर प्लास्टिकची फॉइल चिकटवलेलं) गॅसजवळ नको, उष्णतेने फॉइल सुटते.

आणि एक: तुमच्याकडे दोन पांढरे नाहीत, सहा आहेत. ओटा, शटर, डाडो (ओट्यामागच्या भिंतीची) टाईल, ग्राउट (टाईलमधल्या फटी भरायचा मसाला), भिंत, स्विचबोर्ड. क्रम असा ठेवा, आधी दगड, मग शटर, मग टाईल, भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी. भिंतीचा रंग मशीनवर हवा तसा करून मिळतो, दगड मिळत नाही.

ओटाभरण

दगड ठरला. राखाडी बारीक शिरांचा क्वार्ट्झ, बाल्कनीला काळा ग्रॅनाइट. सासूबाईंनी अडणीची अट मान्य केलीय, पण "माझ्या जुन्याच अडण्या, नवीन आणायच्या नाहीत" असं कलम घालून. सुतारदादा आता प्रत्येक तुकडा उभा-आडवा धरून दाखवतात.

शेवटचा प्रश्न, डाडोला पांढऱ्या टाईल्स घेतल्या तर ग्राउट पांढरा की करडा?

शेडकार्ड

करडा, आणि इपॉक्सी. गॅसमागे सिमेंटचा पांढरा ग्राउट तेल पितो आणि बघता बघता बेसनाच्या रंगाचा होतो. टाईलचा नमुना आणलात की तोही ४००० खाली उभा धरून बघा.