शॅडोचा कोड काढू नका, वेगळा करा
दादा, तुमचा मुद्दा अर्धाच पटला. कोड सोपा हवा हे खरं, पण केव्हीएममधला (लिनक्सचा व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारा भाग) जुना शॅडो पेज टेबलचा कोड, म्हणजे व्हीएमच्या मेमरीचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारी टेबलं सॉफ्टवेअरने सांभाळणारा कोड, सरळ उडवून टाकावा, असं तुम्ही म्हणता. तो उडवता येत नाही. व्हीएमच्या आत आणखी एक व्हीएम चालवायचं झालं की तोच कामाला येतो.

खरं सोपेपण २०२० साली लिनक्स ५.१० मध्ये आलं, टीडीपी एमएमयूच्या, म्हणजे शॅडोपासून वेगळ्या लिहिलेल्या पत्ते जोडणाऱ्या कोडच्या रूपाने. शॅडो पद्धतीत गेस्टचं, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टिमचं, मेमरीतलं एकच पान अनेक टेबलांतून जोडलेलं असू शकतं, म्हणून कोणी कुठून जोडलंय याची उलटी यादी, आरमॅप, सांभाळत बसावं लागतं. टीडीपी एमएमयू ज्यावर चालतो त्या ईपीटीत (इंटेल प्रोसेसरमधली पत्ते जोडणारी टेबलं) गेस्टचा पत्ताच वाट सांगतो: दर पायरीला ९ बिट, म्हणजे ५१२ नोंदींपैकी एक, अशा चार पायऱ्या उतरलं की ४ केबीचं पान हाती. यादीची गरजच उरली नाही! शिवाय अनेक व्हीसीपीयूंचे (व्हीएमच्या आभासी प्रोसेसरांचे) पेज फॉल्ट, म्हणजे पान अजून जोडलेलं नसल्याचे अडथळे, एकाच वेळी निस्तरता येतात.

बेळगावात इंजिनिअरिंगला येणारी आमची खानापूर-निपाणीकडची पोरं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. त्यांना आधी शॅडोच्या जंगलात ढकलू नका. टीडीपी_आयटर.सी ही या पायऱ्या उतरणारी टीडीपी एमएमयूची छोटीशी फाइल वाचायला द्या, चार पायऱ्या कागदावर काढायला लावा, आरमॅप मग.