साखळीत पहिले आले, तरी बाहेर: अल्बनी एम्पायरच्या पहिल्या वर्षावर अन्याय झाला का?

कोलोनीकर

दहा सामने हरलेला संघ विजेता झाला, आणि साखळीत पहिला आलेला संघ घरी बसला. २०१८ सालच्या अरेना फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे बंदिस्त स्टेडियममध्ये खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, हे घडलं. आम्हा अल्बनीकरांना ते अजून बोचतं.

अल्बनी म्हणजे न्यूयॉर्क राज्याची राजधानी. अल्बनी एम्पायर हा इथला नवा कोरा संघ आणि ते त्याचं पहिलंच वर्ष. प्रशिक्षक रॉब कीफ, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) टॉमी ग्रेडी. साखळीत एम्पायरने आठ सामने जिंकले, चार हरले आणि गुणतक्त्यात पहिला नंबर पटकावला. बाल्टिमोर ब्रिगेड आणि फिलाडेल्फिया सोल प्रत्येकी ७-५. वॉशिंग्टन व्हॅलर २-१०, म्हणजे तळाला. पण लीगमध्ये संघच चार, त्यामुळे चौघेही बाद फेरीत! पहिल्याची गाठ चौथ्याशी. दोन सामने खेळायचे आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज करायची. या बेरजेत व्हॅलरने आम्हाला काढलं आणि २८ जुलैला बाल्टिमोरमध्ये ब्रिगेडला ६९-५५ असं हरवून अरेना बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, नेला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आइस हॉकीच्या रिंकवर कृत्रिम हिरवळ अंथरतात. मैदान ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद. एका बाजूला आठच खेळाडू. कडेला सीमारेषेऐवजी गादी लावलेली भिंत, आणि तिला लागून प्रेक्षकांची पहिली रांग. झेल घेता घेता खेळाडू भिंतीवरून तुमच्या पायाशी येऊन पडतो. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या असतात. किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना लाथेने मारलेला चेंडू जाळीवर आपटून परत आला तर तो जिवंत चेंडू, खेळ चालूच. म्हणून परतवणारा खेळाडू मैदानाकडे पाठ करून जाळीकडे बघत थांबतो, आणि चेंडू कुठे उडेल याचा अंदाज चुकला की सगळी पळापळ. पंट (चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणं) मारायची परवानगीच नाही, त्यामुळे पन्नास-साठ गुण सहज लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. कोणी बादच होणार नसेल तर बारा सामन्यांची साखळी कशाला खेळवता? लोकांनी तिकिटं काढली, पोरांनी अंग झोकून खेळ केला, आणि त्या पहिल्या नंबराचं मोल शून्य ठरवलं. नव्या संघाने पहिल्या वर्षात याहून जास्त काय करायचं?

अनघा_द

कोलोनीकर, दुःख समजू शकते, पण ‘अन्याय’ हा शब्द मला मान्य नाही. चौघेही बाद फेरीत जाणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. एम्पायरलाही.

शिवाय एकच सामना असता तर म्हटलं असतं की त्या दिवशी नशिबाने दगा दिला. इथे दोन सामने होते. एक वाईट गेला तर दुसऱ्यात भरून काढायची सोय होती. तरीही तळाचा संघ भारी पडला. मग त्या दोन सामन्यांपुरता व्हॅलरच सरस होता, हे मोकळेपणाने म्हणायला काय हरकत आहे? त्यांनी वर्षभर मार खाल्ला, मोसमात प्रशिक्षक बदलला आणि शेवटी उभे राहिले. त्या पोरांच्या विजयाला ‘पद्धतीची चूक’ म्हणणं हाही त्यांच्यावर अन्यायच.

कोलोनीकर

अनघाताई, व्हॅलरच्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना जे दिलं त्याचं त्यांनी सोनं केलं. तक्रार आहे ती देणाऱ्यांबद्दल.

आयपीएलच्या प्लेऑफमध्ये पहिल्या दोघांना एकदा हरल्यावर दुसरी संधी मिळते. साखळीत चांगलं खेळलात त्याचं ते बक्षीस. इथे पहिल्याला काय मिळालं? चौथ्याइतकीच संधी. चार संघ होते ना, मग पहिल्याला थेट अंतिम फेरीत घ्या, दुसरा-तिसरा आपसात खेळू देत आणि चौथा घरी. मग शेवटच्या आठवड्यापर्यंत प्रत्येक सामन्याला धार राहिली असती.

गिरणगावकर

दोघंही पद्धतीवर भांडताय, पण मूळ दुखणं वेगळं आहे. ही लीग होती का, हाच माझा प्रश्न आहे.

२०१७ ला पाच संघ होते. त्या मोसमानंतर टँपा बे स्टॉर्मने गाशा गुंडाळला, क्लीव्हलंड ग्लॅडिएटर्स थांबले. उरले तीन. त्यात अल्बनी आलं म्हणून चार झाले. याला ‘विस्तार’ म्हणायचं? गळती लागलेल्या लीगने एक शहर गाठलं आणि खेळ चालू ठेवला.

आता मालक बघा. व्हॅलर आणि ब्रिगेड दोन्ही टेड लिऑन्सिस यांच्या कंपनीचे. म्हणजे अंतिम सामना एकाच मालकाच्या दोन संघांत झाला. सोलच्या मालकांपैकी रॉन जॉवर्स्की अल्बनीच्याही मालकांत होते. कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. पण प्रेक्षकाला संघ आपला वाटायला हवा असेल तर समोरचा संघ खरोखर परका असावा लागतो. चार संघांत पहिला नंबर आला याचा इतका गवगवा मला तरी पटत नाही.

मीनल (ट्रॉय)

गिरणगावकर दादा, तुम्ही हे लांबून बघताय. इथे राहणाऱ्यांना ‘एक शहर गाठलं’ हे ऐकवत नाही.

अल्बनीला हा खेळ नवा नव्हता. १९९० पासून इथे फायरबर्ड्स होते. १९९९ ला त्यांनी, एम्पायर खेळायचे त्याच इमारतीत, ऑर्लँडो प्रिडेटर्सना ५९-४८ हरवून अरेना बोल जिंकला. एडी ब्राउन याच संघाचा. २००६ मध्ये लीगने सार्वकालिक सर्वोत्तम खेळाडूंची यादी काढली तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं. आणि २००० च्या मोसमानंतर मालकांनी अख्खा संघ उचलून इंडियानापोलिसला नेला. ज्यांनी लहानपणी वडिलांबरोबर फायरबर्ड्स पाहिले, ते २०१८ ला स्वतःच्या मुलांना घेऊन आले. चेंडू स्टँडमध्ये आला तर तो प्रेक्षकाचा, परत द्यायचा नाही, ही या खेळाची जुनी रीत. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाला तो मिळाला तेव्हा त्याने उरलेला सामना चेंडू पोटाशी धरून पाहिला, आईच्या हातातसुद्धा दिला नाही.

म्हणून कोलोनीकर, तुमच्याशीही माझं जमत नाही. व्हॅलरकडून हरलो त्या रात्री मीही रडवेली झाले होते. पण पहिल्या वर्षाचा हिशोब करंडकाने का करायचा? नव्या संघाचं पहिलं काम लोकांना परत आणण्याचं, आणि ते एम्पायरने केलं.

सदाशिव_पेठ

मीनलताई, लोक परत येतात हो, पण संघ टिकतो का? पुण्याला याचा अनुभव आहे. रायझिंग पुणे सुपरजायंट दोनच वर्षांसाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरी २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरलो तेव्हा जीव कळवळला. पुढच्या वर्षी संघच नाही. त्याआधी पुणे वॉरियर्सही असेच आले नि गेले. माझं मत गिरणगावकरांच्या बाजूने. आधी मालकांनी दहा वर्षांची हमी द्यावी, मग शहराने जीव लावावा.

कोलोनीकर

दहा वर्षांची हमी कोण देणार? हमीची वाट बघत बसलं असतं तर अल्बनीने २०१९ पाहिलंच नसतं. त्या वर्षी एम्पायर १०-२ ने पुन्हा पहिले आले, आणि ११ ऑगस्टला घरच्या मैदानावर फिलाडेल्फियाला ४५-२७ हरवून करंडकही घेतला. नोव्हेंबरमध्ये लीगच दिवाळखोरीत गेली. संघाने आपलं काम चोख केलं, शहराने केलं, बुडाली ती लीग. माझा राग तिथेच आहे, आणि बाद फेरीची ती पद्धतही त्याच कारभाराचा नमुना होती. संघच कमी पडले म्हणून सगळ्यांना आत घेतलं.

गिरणगावकर

पुढचंही सांगा की. २०२१ ला एम्पायर हे नाव नॅशनल अरेना लीगमध्ये परत आलं, २०२१ आणि २०२२ लागोपाठ विजेतेपद. २०२३ ला एडी ब्राउनचा मुलगा, एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या सर्वात मोठ्या लीगमध्ये) गाजलेला अँटोनियो ब्राउन, मालक झाला आणि त्याच मोसमात लीगचे पैसे थकवल्याबद्दल लीगने संघाला काढून टाकलं. वेळेवर पगार न मिळाल्याच्या खेळाडूंच्या तक्रारी होत्या त्या वेगळ्याच. इथे तर लीग नाही, मालक बुडाला. म्हणजे फक्त लीगला दोष देऊन भागत नाही. ज्याच्या हातात तिजोरी, त्याच्यावर शहराचा काडीचा ताबा नाही. पहिल्या वर्षाच्या कौतुकात हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

मीनल (ट्रॉय)

विचारला नाही कसा? २०२३ ला इथल्या बातम्यांत दुसरं काही नव्हतं. तरी २०२४ ला नव्या लीगमध्ये फायरबर्ड्स हे जुनं नाव घेऊन संघ उभा राहिला आणि लोक पुन्हा गेले. त्यांना भाबडं समजू नका. मालक कसे असतात हे त्यांनी २००० पासून पाहिलंय.

अनघा_द

कोलोनीकर, तुमची ‘पहिला थेट अंतिम फेरीत’ ही सूचना मी कागदावर मांडून बघितली. त्यात उपांत्य फेरीचा एकच जोड उरतो. पहिला आणि चौथा दोघांच्या घरचा एकेक सामना जातो, म्हणजे दोन शहरांची तिकीटविक्री गेली. चार संघांवर तग धरून असलेली लीग हे कधीच मान्य करणार नाही. त्यापेक्षा साखळीतल्या पहिल्याला बेरजेत आधीच सात गुण द्यावेत, म्हणजे एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेल्याचे सहा गुण) आणि त्यानंतरच्या किकचा एक गुण. सामने तेवढेच राहतात आणि पहिल्या नंबराला किंमतही येते. यावर तुमचं काय म्हणणं?

कोलोनीकर

सात चालतील. पण मग ते मोसम सुरू व्हायच्या आधी नियमपुस्तकात छापून यायला हवेत, आणि दहा सामने हरणाऱ्याला तरीही आत घेऊ नये यावर मी ठाम आहे.