पहिला काइटबोर्ड कोणता घ्यावा? आमच्या घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बंटी: सगळ्यांना नमस्कार. काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवरून पाण्यावर धावायचा, माझा सुरुवातीचा कोर्स संपत आलाय, आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय. मावशी, तुझा सल्ला हवाय. एक बघून ठेवलाय. १३४ बाय ४० सेंटीमीटर, कार्बनचा, एकदम हलका. घेऊ का?

मावशी: नको.

मावशी: आत्ताच पाण्यातून बाहेर आलेय. सामान आवरते आणि सविस्तर लिहिते. तोवर तुझं वजन सांग.

बंटी: ७८ किलो.

दादा: बोर्ड घ्यायला वजन कशाला लागतं? उंची विचारतील असं वाटलं होतं.

मावशी: उंचीचा फारसा संबंध नाही रे. आधी वजन, मग तुमच्याकडचा वारा, आणि मग तुला किती येतं ते. बंटी, तुला ट्विनटिपच घ्यायचा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला, हे तर पक्कं ना?

बंटी: तेच विचारणार होतो. ऑलिंपिकमध्ये पाहिलं तेव्हा ते सगळे पाण्याच्या वर उचललेल्या बोर्डवर होते. तो नाही का घेता येणार?

मावशी: तो फॉइल. बोर्डखाली लांब दांडा आणि त्याला पंख असतात. पॅरिस २०२४ ची शर्यत मार्सेयच्या समुद्रात झाली, ती फॉइलवरच. पण २०१८ मध्ये ब्वेनोस आइरेसला युवा ऑलिंपिक झालं, तिथे मुलं ट्विनटिपवरच शर्यत करत होती. फॉइलचे पंख धारदार असतात, उथळ पाण्यात दांडा तळाला लागतो आणि पडताना तो अंगावर येऊ शकतो. काइट न बघता हाताळता यायला लागली की मग फॉइलकडे बघ. आज तो विषय नको.

वहिनी: आणि तो सर्फबोर्डसारखा, एका बाजूला टोक असलेला?

मावशी: तो लाटांसाठी. त्याचं तोंड एकाच दिशेला असतं, त्यामुळे परत फिरताना बोर्ड वळवावा लागतो आणि पायांची अदलाबदल करावी लागते. ट्विनटिपवर तू फक्त काइट दुसऱ्या बाजूला नेतेस आणि आलीस तशी उलट निघतेस. शिकताना डोक्यावरचं एक ओझं कमी होतं.

आजोबा: मला एक सांग बाळा. हा बोर्ड माणसाचं वजन पेलून पाण्यावर तरंगतो का? फोटोत तर फळीएवढाच दिसतोय.

मावशी: नाही बाबा, आणि खरी गोम तिथेच आहे. थांबलात की तो तुमच्यासकट खाली जातो. वेग आला की पाणी त्याला खालून वर ढकलतं, तेव्हा तो पृष्ठभागावर धावतो. आता बघा, बोर्डचं क्षेत्रफळ कमी असेल तर तेवढंच वजन उचलायला वेग जास्त लागतो. तो वेग कुठून येणार? काइटच्या ओढीतून. म्हणजे लहान बोर्डवर उभं राहायला शिकाऊ माणसाला एकतर मोठी काइट लावावी लागते, नाहीतर आहे ती काइट जोरात खाली झपकवावी लागते. दोन्हीत तो काबूबाहेर ओढला जातो. बोर्ड मोठा असेल तर हलकी ओढ पुरते.

आजोबा: आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

मावशी: अगदी बरोबर. वारा १० नॉटचा २० नॉट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून मी बंटीला एका शब्दात नको म्हटलं. १३४ चा बोर्ड वाईट नाही, ७८ किलोच्या शिकाऊ माणसाला तो जास्त ओढ मागतो एवढंच.

आई: हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. बंटी, तू मावशी सांगेल तोच घे.

बंटी: आई, वाचतोय ना. मग किती मोठा? कोर्समध्ये आम्हाला १५५ चा देतात. तसाच घेऊ?

मावशी: तसाही नको. शाळेचा बोर्ड पहिल्यांदा उभं राहण्यासाठी असतो. एकदा दोन्ही बाजूंना सरळ जाता आलं, की तेवढ्या रुंद बोर्डची कड जोराच्या वाऱ्यात पाण्यात रुतवून धरता येत नाही, तो लाटांच्या खडबडीत थडथडतो आणि टाचांखालून निसटतो. तुझ्या वजनाला १४० ते १४४ लांबी आणि ४२ ते ४४ रुंदी बघ. वारा बहुतेक दिवस हलका असेल तर वरच्या आकड्याकडे जा, जोराचा असेल तर खालच्या. आणि निवड करताना नजर लांबीवर नको, रुंदीवर ठेव. दुकानदार लांबीच सांगतात, पण एक-दोन सेंटीमीटर रुंदी वाढली की बोर्ड लवकर उचलतो हे पायाला लगेच कळतं. लांबी तेवढीच वाढली तर पत्ताही लागत नाही.

वहिनी: मावशी, मलाही पुढच्या हंगामात शिकायचंय. माझं वजन ५४. आम्ही दोघांनी एकच बोर्ड वापरला तर चालेल का?

मावशी: शिकताना तू त्याचा वापरलास तर चालेल, नुकसान काही नाही. पण वारा वाढला की त्याचा बोर्ड तुला दाबता येणार नाही. स्वतःचा घेशील तेव्हा १३४-१३६ बाय ४० च्या आसपास बघ. बंटीने आवडून ठेवलेला आकार खरं तर तुझा आहे 😊 फक्त कार्बनचा नको.

दादा: कार्बनला काय झालं? महाग म्हणजे चांगला असेल ना?

मावशी: कार्बनने बोर्ड ताठ होतो. ताठ बोर्ड उंच उडीसाठी पाण्यावरून जोरात सुटतो, पण प्रत्येक लाटेचा दणका थेट गुडघ्यात देतो. शिकताना लाकडी गाभा आणि वर ग्लासफायबर असलेला, मध्यम लवचिक बोर्ड घ्यावा. गाभा बहुधा पॉलोनियाचा असतो, हलकं लाकूड. लवचिक बोर्ड खडबड पिऊन टाकतो आणि पाय थकत नाहीत.

मावशी: आता सगळ्यात महत्त्वाचं, रॉकर. बोर्ड बाजूने बघितला की धनुष्यासारखा वाक दिसतो, तो. वाक जास्त असेल तर उडीनंतर उतरणं मऊ होतं, वळणं सोपी होतात, पण बोर्ड पाणी ढकलत जातो आणि वेग धरत नाही. वाक कमी असेल तर तो लवकर धावायला लागतो आणि त्याची कड पाण्यात लांबवर रुतून राहते. शिकाऊ माणसाला नेमकं हेच हवं असतं, कारण त्याची खरी अडचण उभं राहण्याची नसते. वारा त्याला खाली, म्हणजे वारा जातो त्या दिशेला, वाहून नेतो. उभा राहतो, थोडा जातो, पडतो, आणि प्रत्येक वेळी निघालेल्या जागेपासून खाली, खाली. मग बोर्ड काखेत आणि काइट डोक्यावर घेऊन वाळूतून चालत परत. ज्या दिवशी निघालेल्या जागी परत येता येतं, त्या दिवसापासून पाण्यात घालवलेला वेळ खरा वाढतो. पहिल्या बोर्डने तेवढं एकच काम सोपं करून द्यायचं असतं. उडी, रंग, वजन नंतर बघू.

बंटी: हे शाळेत कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी खालीच जातो.

मावशी: सगळेच जातात. टाचांवर भार दे, नजर जिथे जायचंय तिथे ठेव, काइट फार वर नको. बाकी काम सपाट बोर्ड करतो.

दादा: एकाकडे वापरलेला मिळतोय. १४२ बाय ४३. घ्यावा का?

मावशी: माप छान आहे. वापरलेला बोर्ड घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही, बोर्ड काइटइतक्या लवकर जुना होत नाही. पण हातात घेऊन बघ. टाचांच्या जागी अंगठ्याने दाब, कुठे मऊ लागलं तर आतले थर सुटलेत, सोडून दे. पाय अडकवायच्या पट्ट्यांचे स्क्रू बसतात त्या भोकांभोवती बारीक चीर आहे का बघ, आणि प्रत्येक स्क्रू एकदा पूर्ण काढून परत लाव. खाऱ्या पाण्याने तो गंजून अडकला असेल किंवा आतला आटा गेला असेल तर ती दुरुस्ती सोपी नसते. कडेचा थर उघडलाय का तेही. फिन, म्हणजे बोर्डच्या खालची छोटी पाती, चार असतात. त्यातला एखादा गायब असेल तर नवीन मिळतो, त्यावरून सौदा मोडू नकोस.

वहिनी: पट्ट्यांचं काय? पाय लहान आहेत माझे.

मावशी: चांगली आठवण केलीस. पट्टी पायावर इतकीच घट्ट हवी की पडताना पाय आपोआप निघाला पाहिजे. अडकला तर घोटा किंवा गुडघा मुरगळतो. म्हणून पूर्ण बूट असलेले बोर्ड शिकताना नकोत. आणि पायाखालचे पॅड अनवाणी उभं राहून बघ, ओल्या पायांनी तर उत्तमच.

आई: पडल्यावर बोर्ड वाहून जाऊ नये म्हणून दोरी बांधतात का ग? मी म्हणते बांधावीच.

मावशी: नको ताई, हात जोडून सांगते, दोरी बांधायला लावू नकोस. पडल्यावर काइट माणसाला पुढे ओढते, बोर्ड पाण्यात अडतो, दोरी ताणली जाते आणि मग बोर्ड सुटून थेट डोक्याकडे येतो. त्यापेक्षा बोर्डशिवाय काइटच्या ओढीने पाण्यातून आडवं जात बोर्डपर्यंत पोचणं शिकायचं, त्याला बॉडी ड्रॅग म्हणतात. बंटी, तुला वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, बॉडी ड्रॅग येतं?

बंटी: थोडं थोडं. एका बाजूला येतं, दुसऱ्या बाजूला नाही.

मावशी: मग आधी ते पक्कं कर, बोर्ड त्यानंतर. कार्बन सोडून जे पैसे वाचतील त्यातून हेल्मेट आणि इम्पॅक्ट वेस्ट, म्हणजे पडताना मार झेलणारं जाड जाकीट, घे. ही माझी अट समज.

आई: माझीही.

आजोबा: बंटी, तो वाक मोजायचा कसा? मला उत्सुकता आहे.

मावशी: बाबा, फिन काढून बोर्ड सपाट फरशीवर ठेवायचा, मधोमध दाबून दोन्ही टोकं सारखी वर येतील असा धरायचा आणि टोकाखालची फट मोजायची. शेजारी दुसरा बोर्ड असेल तर फरक डोळ्यांनाच दिसतो.

बंटी: शनिवारी दादाबरोबर जाऊन तो १४२ वाला बघतो. मोजपट्टी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जाईन.

आजोबा: मीही येतो. फट मी मोजणार.

मावशी: फोटो टाका, बाजूने काढलेला आणि स्क्रूच्या भोकांचा जवळून. आणि मालकाला विचार, एक दिवस पाण्यात वापरून बघू देतो का ते.