मदत हवी आहे: केसमधले पंखे सारखे वर-खाली होतात

मंडळी, माझ्या डेस्कटॉपच्या केसमध्ये पुढे ३ पिनचे दोन पंखे आहेत, मागे ४ पिनचा एक. पुढचे दोन्ही कायम १२ व्होल्टवर सुसाट! बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्यांचा हेडर (पंख्याची वायर जोडायची जागा) पीडब्ल्यूएमवर होता, म्हणजे वेग चौथ्या पिनच्या सिग्नलने ठरवणारा; तो डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा, केल्यावर जरा नरमले. पण आता ब्राउझर उघडला की घूं करून वर, दोन सेकंदांत खाली, परत वर. एकसुरी आवाज परवडला, हे नको. वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधलाय म्हणून असं होतं का? मदरबोर्डचा सेन्सर निवडू, की स्टेप-अपची वेळ (तापमान वाढल्यावर पंख्याने वेग वाढवायला घ्यायची वेळ) वाढवू? गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड चांगलंच तापतं, तेव्हा हवा कमी पडायला नको. आणि पंखा बंद न पडता किती टक्क्यांपर्यंत उतरवता येईल, हे कसं शोधता तुम्ही?